लिव्हर-ॲक्शन घेताय? रायफल नंतर, आधी काडतूस ठरवा

लिव्हर-ॲक्शन रायफल माणूस डोळ्यांनीच पसंत करतो. अक्रोडाचा दस्ता, काळंनिळं पोलाद, चापाभोवतीची ती लांबट कडी, जी खाली-वर केली की पुढचं काडतूस भरलं जातं. दुकानात एकदा हातात घेऊन कडी खाली-वर केली की सौदा अर्धा झालेलाच असतो. मग ती रायफल ज्या काडतुसाची निघेल ते आपलं काडतूस. हा क्रम उलटा आहे. जनावर पडतं ते गोळीने, आणि कुठली गोळी किती अंतरावर काय काम करते हे आधी ठरलं, तर रायफल निवडायला दहा मिनिटं पुरतात.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या कायद्यात राहून शिकार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली, तेव्हा यातलं काहीही तिकडे लावायला जाऊ नका. मी पेनसिल्व्हेनियात व्हाइटटेल हरणांच्या मागे जातो, म्हणून उदाहरणं बरीचशी तिथली येतील.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पूर्वेकडच्या दाट जंगलात हरणाला जाणाऱ्या बहुतेकांना .३०-३० विंचेस्टर, म्हणजे आपली थर्टी-थर्टी, पुरून उरते. दुसरं काही घ्यायचं असेल तर त्यामागचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: "माझ्या राज्यात बाटलीच्या आकाराचं काडतूस चालत नाही", "मला अलास्कात जायचंय", "मुलीला धक्का सोसत नाही". असं वाक्य सुचत नसेल तर थर्टी-थर्टी घ्या आणि उरलेल्या पैशांची काडतुसं घ्या.

पायरी १ : आधी कायदा, दोन्ही पातळ्यांवरचा

आपल्या लोकांच्या बाबतीत पहिला मुद्दा व्हिसाचा. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ असे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसावाले फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगू शकत नाहीत. याला जे मोजके अपवाद आहेत त्यात आपल्या कामाचा एक: कुठल्याही राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स तुमच्याकडे हवं. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणं हेही 'बाळगणं'च धरलं जातं, म्हणून लायसन्स आधी, बंदुकीला हात नंतर. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. तरी काही राज्यांचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत, ते वेगळे पाहावे लागतात.

टेक्सासमध्ये यात एक मजेशीर खोच आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून तिथे खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला लायसन्स लागत नाही. डॅलस-ह्यूस्टनकडची आपली मंडळी ते ऐकून खूश होतात. पण डुकरासाठी लायसन्स लागत नसलं, तरी एच-१बीवाल्याला रायफल हातात धरायला ते लागतंच. थोडे डॉलर वाचवायच्या नादात फेडरल गुन्हा होतो. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, बंदुकीच्या दुकानदाराला नको.

दुसरी पातळी राज्याची, आणि काडतुसाची निवड खरी इथेच होते. न्यू जर्सीत हरणाला सेंटरफायर रायफल, म्हणजे या लेखातली सगळी काडतुसं ज्यात मोडतात ती, चालतच नाही. शॉटगन, मझलोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) किंवा धनुष्यबाण, एवढंच. एडिसनचा माणूस लिव्हर-ॲक्शन घेतो ती डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात येण्यासाठी. पेनसिल्व्हेनियात हाताने चालवायची रायफल आणि लागल्यावर पसरणारी गोळी एवढ्या अटी पाळल्या की कॅलिबरबद्दल, म्हणजे गोळीच्या जाडीबद्दल, फारशी कटकट नाही.

मध्य-पश्चिमेत मात्र 'सरळ भिंतीचं' काडतूस हा परवलीचा शब्द आहे. ज्याचं पितळी कवच तळापासून तोंडापर्यंत जवळजवळ एकाच जाडीचं असतं ते सरळ भिंतीचं. ज्याचे खांदे आत येऊन मान बारीक होते ते बाटलीच्या आकाराचं. सपाट, वस्ती असलेल्या प्रदेशात गोळी फार लांब जाऊ नये म्हणून ही अट घातली गेली. ओहायोने २०१४ पासून सरळ भिंतीच्या रायफलींना परवानगी दिली, कॅलिबर.३५७ ते .५०, आणि चेंबर-मॅगझिन मिळून तीनच काडतुसं भरायची. त्याच सुमारास दक्षिण मिशिगनसाठी जो नियम आला त्यात कवचाची लांबीही ठरवली होती: १.१६ ते १.८० इंच. ओहायोत चालणारी .४५-७० या लांबीत बसत नाही, कारण तिचं कवच २.१०५ इंच आहे. आणि त्या नियमांत थर्टी-थर्टी दोन्हीकडे बाद, कारण ती बाटलीच्या आकाराची. .३५ रेमिंग्टन लांबून सरळ वाटते, पण तिलाही बारीक खांदा आहे, तीही बाद. हे नियम दर दोन-तीन वर्षांनी हलतात. ज्या सालात शिकारीला जाणार त्या सालची राज्याची पुस्तिका उघडा आणि त्यातली काडतुसांची यादी स्वतः वाचा.

पायरी २ : खरं अंतर मोजा

शिकाऱ्यांच्या गप्पांत प्रत्येक हरीण तीनशे यार्डांवर पडलेलं असतं. तुमच्या जागेत किती दिसतं ते बघा. ॲलेगेनीच्या जंगलात माउंटन लॉरेलची झुडपं छातीइतकी वाढतात, मध्ये हेमलॉकची गर्दी. मचाणावरून पाहिलं तरी साठ-सत्तर यार्डांपुढे हरणाची फक्त पाठ किंवा कान दिसतो. लेझर रेंजफाइंडर घेऊन हंगामाआधी मचाणावर चढा आणि ज्या ज्या फटीतून हरीण दिसू शकेल ती प्रत्येक मोजा. फटी पाऊणशेच्या आत असतील तर आपली गरज एक. मक्याच्या कापणी झालेल्या शेताच्या कडेला बसणार असाल आणि समोर अडीचशे यार्ड मोकळं असेल तर गरज पूर्ण वेगळी.

हाक्याची शिकार असेल तर अंतर आणखी कमी होतं. पेनसिल्व्हेनियात आजही पाच-दहा जण रांगेत जंगल तुडवतात आणि दोघं-तिघं पलीकडच्या टोकाला दबा धरून बसतात. हरीण येतं ते पळत, झाडांच्या मधून, चाळीस यार्डांवर. लिव्हर-ॲक्शन जन्माला आली ती याच कामासाठी: हलकी, आखूड, खांद्यावरून न काढता दुसरा बार काढता येणारी.

माझा निकष असा: शंभरच्या आत सगळं असेल तर पुढच्या यादीतलं जवळजवळ काहीही चालेल. दीडशेपर्यंत असेल तर थर्टी-थर्टी किंवा .३६० बकहॅमर. दोनशेच्या पलीकडे वारंवार जायचं असेल तर नळीखाली मॅगझिन असलेली रायफलच घेऊ नका.

पायरी ३ : नळीखालचं मॅगझिन काय बंधन घालतं

जुन्या घडणीच्या लिव्हर-ॲक्शनमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला, नेमकं टोपीला (ठोका बसला की दारू पेटवणारा भाग), टेकलेलं. टोकदार गोळी असेल आणि बार निघतानाच्या धक्क्याने ती टोपीवर आपटली, तर मॅगझिनमध्येच काडतूस उडू शकतं, आणि तिथेच तुमचा डावा हात असतो. म्हणून या रायफलींत चपट्या किंवा गोल नाकाचीच गोळी घालायची. चपटं नाक हवेत लवकर मंदावतं. लिव्हर-ॲक्शनची पोच कमी पडते त्याचं मोठं कारण दारूपेक्षा हे नाक आहे.

२००५ च्या सुमारास हॉर्नडीने लेव्हरेव्होल्यूशन नावाची काडतुसं आणली. गोळी टोकदार, पण टोक रबरासारखं मऊ, टोपीवर दाबलं तरी ती न पेटवणारं. त्यामुळे थर्टी-थर्टीची पोच चाळीस-पन्नास यार्डांनी वाढली. यातल्या मऊ टोकाची आणि साध्या प्लास्टिक टोकाची गल्लत करू नका. दुकानातली दुसरी टोकदार प्लास्टिकवाली गोळी बोल्ट-ॲक्शनसाठी असते. डब्यावर लिव्हर-ॲक्शनचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ती नळीत घालायची नाही.

काही लिव्हर-ॲक्शनना हे बंधन नाही. ब्राउनिंगची बीएलआर आणि हेन्रीची लाँग रेंजर यांना पेटी-मॅगझिन आहे, जुन्या सॅव्हेज ९९ ला फिरतं मॅगझिन. त्यात .३०८ विंचेस्टरसारखी टोकदार गोळीची काडतुसं सुखाने चालतात.

पायरी ४ : उमेदवार

*.३०-३० विंचेस्टर.* जॉन ब्राउनिंगची १८९४ ची रायफल (विंचेस्टर ९४) आणि १८९५ मध्ये तिच्यासाठी बाजारात आलेलं हे बिनधुराच्या दारूचं काडतूस. ती रायफल सत्तर लाखांहून जास्त बनली, वर मार्लिन कंपनीची ३३६ वेगळी. दोन मुख्य गोळ्या मिळतात, १५० ग्रेन आणि १७० ग्रेन. म्हणजे सुमारे पावणेदहा आणि अकरा ग्रॅम. नवा माणूस १५० उचलतो, कारण डब्यावर वेग जास्त दिसतो: सेकंदाला २,३९० फूट, १७० चा २,२००. आता जरा पुढचे आकडे बघा. नळीच्या तोंडाशी १५० ची ताकद १,९०२ फूट-पौंड, १७० ची १,८२७. शंभर यार्डांवर १,३५६ आणि १,३५५, म्हणजे बरोबरी. दोनशेवर १५० उरते ९४४ आणि १७० उरते ९८९. वेगाने निघालेली हलकी गोळी वाटेत जास्त गमावते. शिवाय जड गोळी खांद्याचं हाड फोडून पलीकडून बाहेर पडण्याची शक्यता जास्त. दोन भोकं म्हणजे रक्ताचा माग ठळक, आणि पानगळीनंतरच्या लाल-तपकिरी पाल्यात संध्याकाळी माग काढताना त्याची किंमत कळते. म्हणून जंगलात मी १७० च वापरतो. बारीक चणीच्या हरणांना, उघड्यावर, १५० ठीक.

हरणासाठी हजार फूट-पौंड असा एक जुना ठोकताळा आहे. तो देवाचा शब्द नव्हे, पण त्यावरून थर्टी-थर्टीची हद्द कुठे येते ते दिसतं: दोनशेच्या अलीकडे. चपट्या नाकाच्या गोळीला मी दीडशेच मानतो. काळ्या अस्वलालाही जवळून १७० चालते. एल्क या थोराड हरणाला मात्र ती मुद्दाम घेऊन जाऊ नये.

*.३५ रेमिंग्टन.* २०० ग्रेनची जाड गोळी, २,०८० फूट वेग. ताकदीत शंभर यार्डांवर थर्टी-थर्टीहून थोडी कमीच, पण भोक मोठं पाडते, आणि पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या शिकाऱ्यांचा तिच्यावर फार जीव. आजोबांची मार्लिन मिळाली असेल तर जरूर वापरा. नवी म्हणून शोधत फिरू नका, काडतुसं मिळवताना दमछाक होते.

*.४५-७०.* ही १८७३ ची, अमेरिकन सैन्याच्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डसाठी केलेली. .४५ ची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू, त्यावरून नाव. दीडशे वर्षांनंतर ही सगळ्यात लोकप्रिय 'मोठी' लिव्हर-ॲक्शन होऊन बसलीय. तिच्याबाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या: डब्यावर .४५-७० एवढंच वाचून भागत नाही. त्या नावाखाली तीन दमांची काडतुसं मिळतात. सगळ्यात सौम्य ती जुन्या ट्रॅपडोअरलाही झेपतील अशी. रेमिंग्टनची ४०५ ग्रेनची गोळी १,३३० फुटांनी निघते, धक्का सोसणेबल, शंभरवर १,२२७ फूट-पौंड. मधली ३०० ग्रेनची, १,८८० च्या आसपास, शंभरवर अठराशे फूट-पौंड. आणि तिसरी छोट्या कंपन्यांची जोरकस भरलेली, जी फक्त आजच्या मजबूत मार्लिन १८९५ किंवा तशाच रायफलीत चालवायची. ती जुन्या ट्रॅपडोअरमध्ये घातली तर बंदूक फुटेल. पत्र्याच्या शेडमधून निघालेली आजोबांची बंदूक असेल तर जुन्या बंदुकांचं काम करणाऱ्या गनस्मिथला आधी दाखवा.

हरणाला .४५-७० ची गरज नाही. पण ती वाईटही नाही, कारण जड, मंद गोळी मांस कमी नासवते. अमेरिकन शिकारी म्हणतात, भोकापर्यंतचं मांस खाता येतं. एल्क, मूस, अलास्कातलं तपकिरी अस्वल ही तिची खरी कामं. अंतर मात्र दीडशेच धरा: मंद गोळी इतक्या जोरात खाली येते की अंतराच्या अंदाजात पंचवीस यार्डांची चूक झाली तरी नेम पोटावर जातो.

*.४४ मॅग्नम आणि .३५७ मॅग्नम.* मुळात पिस्तुलाची काडतुसं. लांब नळीत दारू पूर्ण जळते आणि ती वेगळीच होऊन निघतात: .३५७ ची १५८ ग्रेन गोळी पिस्तुलातून साडेबाराशेच्या आत, रायफलीतून १,८०० फुटांच्या पुढे. तरी शंभर यार्डांवर तिच्याकडे सातशे-सव्वासातशे फूट-पौंडच उरतात. म्हणून .३५७ म्हणजे पाऊणशे यार्ड, शांत उभं हरीण, आडवा कोन. हे ज्याला पाळता येतं त्यानेच घ्यावी. .४४ ची २४० ग्रेन गोळी शंभरवर हजाराच्या आसपास असते आणि शंभरपर्यंतच्या कामाला चोख आहे. दोन्ही सरळ भिंतीच्या, दोन्ही मिशिगनच्या त्या लांबीत बसणाऱ्या. सगळ्यात मोठा फायदा सरावाचा: .३५७ मध्ये .३८ स्पेशल आणि .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल चालते. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही.

*.३६० बकहॅमर.* रेमिंग्टनने २०२३ मध्ये आणलेलं. थर्टी-थर्टीचंच कवच, मान न आवळता सरळ ठेवलेलं, लांबी बरोबर १.८० इंच. ही लांबी कुठून आली ते वर मिशिगनचा नियम वाचलात तर कळेल. १८० ग्रेन २,४०० फुटांनी, २०० ग्रेन २,२०० फुटांनी. म्हणजे कामाला थर्टी-थर्टीच, नियमांत बसणारी. नोव्ही, ट्रॉय, कोलंबस, सिनसिनाटीकडे राहणाऱ्याने आज नवी रायफल घ्यायची तर मी हीच सुचवेन, फक्त जवळच्या दुकानात काडतुसं दिसतात का हे आधी पाहावं.

*.३०८ विंचेस्टर.* पेटी-मॅगझिनवाल्या रायफलीत. १५० ग्रेन, २,८२० फूट, दोनशेवरही १,७०० फूट-पौंड. लांबच्या अंतरावर ताकदीत बाकी बहुतेकांना मागे टाकते. पण .३०८ च हवी असेल तर साधी बोल्ट-ॲक्शन निम्म्या किमतीत मिळते आणि सहसा जास्त नेमकी असते. लिव्हरचीच हौस असेल तर भाग वेगळा, हौसेला मोल नसतं.

.४४४ मार्लिन, .४५० मार्लिन, .३०८ मार्लिन एक्स्प्रेस, .३०७ आणि .३५६ विंचेस्टर ही काडतुसं कागदावर उत्तम आहेत. पण यातली बरीचशी आज एक-दोन कंपन्याच, तीही कधीमधी बनवतात. जुन्या बाजारात अशी रायफल स्वस्त दिसली की ती स्वस्त का आहे ते समजून घ्या.

पायरी ५ : धक्का, आणि कागदी ताटलीची परीक्षा

लिव्हर-ॲक्शन हलकी असते, तीन-साडेतीन किलोची. दस्त्याचा कोन जुन्या पद्धतीचा, त्यामुळे धक्का गालापर्यंत जाणवतो. थर्टी-थर्टीचा धक्का दहा-बारा फूट-पौंडांचा, सहज सोसण्यासारखा. त्याच वजनाच्या रायफलीत मधल्या दमाची .४५-७० साधारण दुप्पट, जोरकस भरलेली तिप्पट. रेंजवर असा एक डबा संपवला की पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. घरातल्या किशोरवयीन मुलासाठी किंवा बारीक चणीच्या माणसासाठी .३५७, नाहीतर सौम्य भरलेली थर्टी-थर्टी घ्या.

आता परीक्षा. पार्टीतली मोठी कागदी ताटली घ्या. हरणाची फुप्फुसं आणि हृदय मिळून साधारण तेवढीच जागा होते, आठ इंचांची. रेंजवरच्या बाकावर टेकून नव्हे, तर मांडी घालून किंवा एक गुडघा टेकून, म्हणजे जंगलात जसे बसाल तसे, पाच बार काढा. पाचही ताटलीत आले तर अंतर वाढवा. एक जरी बाहेर गेला तर मागे या. ज्या अंतरावर पाचही आत येतात ती तुमची हद्द, मग काडतूस दोनशेचं का असेना. उघड्या साइटने बहुतेकांची ही हद्द पाऊणशे ते शंभर निघते. चाळिशीनंतर डोळ्यांना मागची खाच आणि पुढचा मणी एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, तिथे पीप साइट (बारीक भोकातून बघायची साइट) किंवा कमी ताकदीचा स्कोप बसवा. स्कोपसाठी मार्लिन बरी, कारण रिकामं कवच बाजूने फेकते. ऐंशीच्या दशकाआधीच्या विंचेस्टर ९४ मधून ते सरळ वर उडतं आणि स्कोप नीट बसवता येत नाही.

पायरी ६ : जवळच्या दुकानाचं शेल्फ

ऑनलाइन यादी बघून काडतूस ठरवू नका. घराजवळच्या आणि शिकारीच्या जागेजवळच्या अशा दोन दुकानांत जाऊन शेल्फ बघा. पेनसिल्व्हेनियात हरणाचा रायफल सीझन आता थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो (२०१८ पर्यंत सोमवारी उघडायचा). शुक्रवारी रात्री केबिनवर पोचल्यावर काडतुसं घरीच राहिल्याचं कळलं, तर गावच्या हार्डवेअरवाल्याकडे थर्टी-थर्टीचा डबा बहुधा सापडतो, .३५ रेमिंग्टनचा सापडेलच असं नाही. वीस काडतुसांच्या डब्याला .४५-७० थर्टी-थर्टीच्या दीडपट-दुप्पट पडते. सरावाला वर्षाला पाच-सहा डबे धरा आणि मग रायफलच्या किमतीत ते मिळवून बघा. २०२०-२१ च्या टंचाईत लोकप्रिय काडतुसंही शेल्फवरून गायब झाली होती, तेव्हा कधी न ऐकलेलं नाव घेताना दोनदा विचार करा.

पायरी ७ : डबा घेणं आणि नेम बसवणं

एकाच जातीचे, एकाच लॉटचे किमान तीन डबे घ्या: एक नेम बसवायला, एक सरावाला, एक सीझनला. डब्याच्या कडेला छापलेले वेग बहुधा २४ इंचांच्या नळीत मोजलेले असतात. तुमच्या कार्बाइनची नळी २० इंचांची. तेव्हा शंभरेक फूट वजा धरा.

१७० ग्रेनची थर्टी-थर्टी शंभर यार्डांवर बरोबर बसवली की दीडशेवर ती साडेतीनेक इंच आणि दोनशेवर आठ-नऊ इंच खाली लागते. म्हणजे दीडशेपर्यंत काही हिशेब न करता छातीच्या मध्यावर धरायचं, त्यापलीकडे बार काढायचा नाही. लेव्हरेव्होल्यूशनची १६० ग्रेन घेतली तर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे शंभरवर ३ इंच वर बसवायची, दोनशेवर ती जवळजवळ नेमावर येते आणि तीनशेवर फूटभर खाली. तो तीनशेचा आकडा माहितीपुरता, मोहात पडण्यासाठी नाही. एक गोळी सोडून दुसरी वापरायला घेतलीत तर नेम पुन्हा बसवा. १५० आणि १७० एकाच ठिकाणी लागतील असं धरून चालू नका.

मांस घरी खायचं असतं, म्हणून शिशाचाही विचार करा. मऊ शिशाची गोळी हाडावर फुटली की बारीक कण जखमेभोवतीच्या मांसात दूरवर जातात. भोकाभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, आणि घरात लहान मुलं असतील तर तांब्याची गोळी घ्या. थर्टी-थर्टी आणि .४५-७० या दोन्हींत नळीच्या मॅगझिनला चालणाऱ्या तांब्याच्या गोळ्या निघाल्या आहेत. कॅलिफोर्नियात तर जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. हरणाच्या मांसाला चरबी नसते. मटणाच्या हिशोबाने भराभर शिट्ट्या काढल्या तर चामडं होतं. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर ठेवा आणि तेल थोडं सढळ सोडा.

पायरी ८ : भरताना, उतरवताना, सीझन संपल्यावर

बाजूच्या फटीतून काडतूस अंगठ्याने आत ढकलायचं. आधीचं काडतूस पूर्ण आत न सारता त्याचं बूड फटीशी अडकवून ठेवलं आणि पुढच्याच्या नाकाने ते ढकललं तर अंगठा चिमटत नाही. रिकामी करताना जुन्या रायफलींत कडी खाली-वर करून एकेक काडतूस चेंबरमधून फिरवावं लागतं, त्या वेळी नळीचं तोंड मातीकडे आणि बोट चापाबाहेर. घोडा अर्ध्यावर आणताना हातमोजे काढा, थंडीने बधिर अंगठ्याखालून तो सटकतो. गाडीत रायफल रिकामी, कव्हरमध्ये, कुलूप लावून डिकीत, काडतुसं वेगळी. नदी ओलांडून न्यू जर्सीत परतणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

आणि एक काम फक्त आपल्या लोकांचं. शिकारीची बॅग किंवा जॅकेट घेऊन भारतात जाऊ नका. डिसेंबरमध्ये सीझन आणि डिसेंबरमध्येच मुंबईची तिकिटं, हे नेहमीचं जुळतं. बॅगेच्या शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस विमानतळाच्या एक्स-रेत दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. पुढे कोर्टात "मला माहीतच नव्हतं" हे मान्य झालं, तरी तोवर सुट्टी, परतीचं तिकीट आणि वकिलाची फी गेलेली असते. शिकारीची बॅग वेगळ्या रंगाची घ्या, गॅरेजमध्ये टांगा, आणि घरातल्या कुणालाही ती प्रवासाला उचलू देऊ नका.